रेवतीच्या लग्नाचं जेवण

“मसालेभाताच्या चार डेगा आहेत, बाई. एवढं नेणार कुठं?”

गुरुपाद आचारी झारा हातात धरून मला विचारत होता. झाऱ्यातलं तेल त्याच्याच पायावर ठिबकत होतं आणि त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

साडेअकरा वाजले होते. मुहूर्त बारा पस्तीसचा होता. कार्यालयात सहाशे माणसं जेवायची होती, त्यातली दोनेकशे येऊन पोचली होती आणि आता आल्या वाटेनं परत चालली होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सनईची कॅसेट मध्येच बंद केलेली. चपलांच्या ढिगाऱ्यात वाकून चपला शोधणाऱ्या बायकांच्या पैठण्या जमिनीला लागत होत्या, पण त्या सावरायचं भान कुणाला नव्हतं.

नवरदेव सकाळीच गेला होता. धैर्यशील त्याचं नाव. लग्नाच्या दिवशी घाईत आंघोळीला निघाला, बादलीत हीटर तसाच चालू, आणि पाणी किती तापलंय ते बघायला त्यानं हात घातला. तासगावहून इथं निरोप यायला दहा वाजले. तोवर गुरुपादचा भात चुलीवरून उतरला होता.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी, लग्नसराईत, कार्यालयांतून उरलेलं अन्न गोळा करायची. मी, आणखी दोन शिक्षिका आणि टेम्पोवाले रज्जाकभाई मुलाणी, एवढाच आमचा गट. चांगलं अन्न गरजवंतांपर्यंत न्यायचं आणि जे नेण्यासारखं नसेल ते बाजार समितीच्या मागच्या खड्ड्यांत घालायचं. वर उसाचं पाचट, पालापाचोळा, गुळाचं पाणी आणि आंबट ताक. तीन महिन्यांत काळंभोर खत. माझे यजमान म्हणायचे, हिला घरातल्या माणसांपेक्षा गांडुळांची काळजी जास्त. म्हणू देत. शिजल्यापासून चार तास झाले की ते अन्न कुणाच्या ताटात जायचं नाही, हा नियम मी कुणासाठी मोडला नव्हता आणि त्याचा मला चांगलाच गर्व होता.

मी झाकणं उघडून वास घेतला. भात, वांग्याची भाजी, मठ्ठा, जिलब्यांच्या पराती. सगळं उत्तम होतं. दहाला उतरलेलं, म्हणजे दोनपर्यंत मुदत होती.

तेवढ्यात वसंतराव खोत मुदपाकखान्यात आले. नवरीचे वडील. बाजारपेठेत त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान. डोक्यावर फेटा तसाच होता, कुणी काढायला सांगितलं नव्हतं बहुतेक.

“अन्न नेणाऱ्या बाई तुम्हीच ना?”

“हो, खोतभाऊ. मला फार वाईट…”

“हे खड्ड्यात घालायचं नाही,” ते म्हणाले. “एवढंच सांगायला आलोय.”

मी शिक्षिका पडले. म्हटलं, “खड्ड्यात गेलं म्हणजे वाया जात नाही हो, त्याचं खत…” आणि माझं मलाच कळलं की ही वेळ नव्हे.

“माझी सख्खी बहीण,” ते म्हणाले, “भर मांडवात उभी राहून बोलली. म्हणाली, हिचं पाऊल पडायच्या आधीच त्याला गिळलं. सगळ्यांनी ऐकलं. रेवतीनं पण ऐकलं. पाहुणे न जेवताच उठून गेले, बाई. आता ह्या जेवणाला कुणीच शिवलं नाही तर उद्या माझ्या पोरीच्या हातचं पाणी कोण पिणार? चार माणसं बघा. गरीब असूद्यात, कुठली का असनात. पण त्यांनी माहीत असून खाल्लं पाहिजे. मला दुसरं काही नको.”

मी हो म्हटलं. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

मग फोन सुरू केले. वसतिगृहाचे अधीक्षक एरवी जिलबी म्हटलं की स्वतः दारात येऊन उभे राहायचे. त्यांनी आधी विचारलं, “खोतांच्याच लग्नाचं ना?” आणि मग म्हणाले, “नको बाई. पोरांच्या परीक्षा आहेत. मनाला लागतं हो.” वृद्धाश्रमाच्या बाईंनी, आमच्या म्हाताऱ्यांना कळलं तर रात्रभर झोपायच्या नाहीत, असं सांगितलं. देवळातल्या अन्नछत्रवाल्यानं काहीच सांगितलं नाही, फोन ठेवून दिला. दीड तासात अख्ख्या तालुक्याला बातमी पोचली होती आणि तालुक्यानं आपलं ठरवूनही टाकलं होतं.

रज्जाकभाई टेम्पोला टेकून उभे होते. म्हणाले, “बाई, ऊसतोडीच्या अड्ड्यावर जाऊ या. मिल तीन दिवस बंद आहे, सगळी माणसं कोप्यांवरच असतील. बीडकडची माणसं, त्यांना इथली बातमी कोण सांगणार?”

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं. मी मात्र ते उचललं.

*

कारखान्याच्या मागं, कॅनॉलच्या कडेला साठ-सत्तर कोप्या होत्या. उसाच्या पाल्याच्या, वर काळं प्लास्टिक ताणलेलं. तिथं आमची गाडी त्या हंगामात पाच-सहा वेळा गेली होती. पहिल्या खेपेला मात्र तिथल्या सुंद्राबाईंनी आम्हाला गाडीवरून भांडं उतरवू दिलं नव्हतं. साठीच्या पुढची बाई, अजून कोयता चालवणारी, आणि अड्ड्यावर तिचा शब्द मुकादमापेक्षा वरचढ.

“कुणाचं हाय हे?” तिनं तेव्हा विचारलं होतं.

“लग्नातलं उरलेलं आहे. ताजं आहे.”

“ते दिसतंय. लगीन कुणाचं? नवरा-नवरीचं नाव काय?”

मला नावं ठाऊक नव्हती. मी तिथूनच कार्यालयात फोन लावून विचारली. मग तिनं पदराच्या गाठीतून ज्वारीचे चार दाणे काढले, गावाच्या दिशेनं टाकले आणि सगळ्या अड्ड्यानं तिच्यामागून त्या जोडप्याची नावं घेऊन “सुखी ऱ्हावा” असं म्हटलं. नंतर मला समजावलं, “भीक न्हाई घेत आमी, बाई. पावनं म्हणून जेवतो. आन् लगीन कुणाचं ते पावन्याला ठावं नको?”

तेव्हापासून नावं आधी विचारून कागदावर लिहून न्यायची मला सवय लागली. त्या दिवशीही कागद पर्समध्ये होता. सकाळी आठलाच लिहिलेला.

कॅनॉलच्या वळणावर रज्जाकभाईंनी गाडी हळू केली. “बाई, खरं सांगू या. खोतभाऊंनी तसंच सांगितलंय.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर नाही म्हणतील.”

“चौथा नकार घेऊन त्या माणसासमोर मी जायचं? गाडी चालवा तुम्ही.”

त्यांनी गिअर टाकला. त्यांचं हे गप्प राहणं मला तेव्हा सोयीचं वाटलं.

गाडी थांबल्याबरोबर पोरं धावत आली. बायांनी ताटल्या, घमेली, जर्मनची पातेली आणली. तीन दिवस तोड बंद म्हणजे तीन दिवस नुसती भाकरी आणि चटणी. जिलब्यांच्या पराती उतरल्या तेव्हा म्हातारे पुरुषसुद्धा उठून जवळ आले.

सुंद्राबाई पुढं झाली. भरलेल्या डेगांकडं पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

“एवढं कसं उरलं वो?”

“दोन बाजूंनी जेवण केलं,” मी म्हटलं. “हिशोब चुकला त्यांचा.”

“नाव सांगा.”

मी कागद काढला. न पाहता सांगता आलं असतं, पण मला तिच्याकडं पाहायचं नव्हतं. “रेवती,” मी वाचलं. “आणि धैर्यशील.”

“लागलं का वेळेवर?”

“लागलं.”

तिनं पदराची गाठ सोडली. दाणे टाकले. सगळी माणसं एका सुरात म्हणाली, “रेवती, धैर्यशील, सुखी ऱ्हावा!” लहान पोरांना ‘धैर्यशील’ म्हणता येईना, ती आपापसांत हसली. रज्जाकभाई टेम्पोच्या पलीकडं जाऊन चाकाची हवा तपासू लागले.

मग पंगत बसली. मी वाढत होते. एक नवी नवरी होती, शीतल नावाची, सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन पहिल्यांदाच तोडीला आलेली. हातातला चुडा अजून हिरवागार. तिनं लाजत दुसऱ्यांदा जिलबी मागितली आणि मी दोन वाढल्या. मला बरं वाटायला लागलं होतं. खोतांना सांगायचं वाक्यही मनात तयार होतं: खाल्लं हो, पोटभर खाल्लं. त्यात खोटं तरी काय होतं?

पावणेदोनच्या सुमाराला बांधावरून एक मोटारसायकल आली. पुतण्यानं चालवलेली, मागं वसंतराव खोत. फेटा आता नव्हता, कपाळावरचं कुंकू मात्र तसंच. हे माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघायला येईल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी हातातला पळीभर मठ्ठा कुणाच्या तरी ताटाबाहेर ओतला.

खोत गाडीवरून उतरले. पंगत पाहिली आणि जागच्या जागी खाली बसले, मातीत. दोन्ही हात जोडले.

“तुमचे उपकार कसे फेडू?” ते म्हणाले. “अख्ख्या गावानं नाकारलं हो हे अन्न. देवळानं नाकारलं. नवरदेव सकाळीच गेला, मांडवात यायच्या आधीच. माझ्या पोरीला लोक पांढऱ्या पायाची म्हणायला लागले. आणि तुम्ही सगळं ठाऊक असून तिच्या लग्नाचं जेवलात. तुम्ही माणसं नव्हे, देव आहात.”



पहिली उठली ती शीतलची सासू. तिनं सुनेच्या हातातली ताटली हिसकून घेतली आणि लांब भिरकावली. “थुक, थुक आधी!” ती ओरडली. ती पोर घाबरून टँकरच्या नळाकडं पळाली आणि तोंडात बोटं घालून ओकाऱ्या काढायला लागली. पाठोपाठ आणखी दोघी उठल्या. एका बाईनं मांडीवरच्या लेकराच्या तोंडातला घास बोटानं काढला. काही माणसं नुसतीच बसून राहिली, हात ताटात, वर ना खाली.

खोतांनी हे सगळं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुम्ही सांगितलंच नव्हतं,” ते म्हणाले.

मी पळी खाली ठेवली.

ते उठले, पँटची माती न झटकता मोटारसायकलवर बसले आणि गेले. घरी त्यांची लेक वाट बघत होती. ज्या गोष्टीची त्यांना भीती होती, तीच मी त्यांना समोर बसवून दाखवली होती.

*

सुंद्राबाई माझ्यावर ओरडली नाही. तिनं आपल्या ताटलीतला भात संपवला, शेवटच्या शितापर्यंत, आणि ताटली धुतली. मग माझ्याजवळ आली.

“उरलंय का?”

“अडीच डेगा आहेत.”

“वाढा मला पुन्यांदा. ज्यांना बसायचं ती बसतील संगं. आता ठावं हाय आमाला.”

मी घड्याळ पाहिलं. सव्वादोन होऊन गेले होते. झाकण उघडलं. उन्हात राहून भात चिकटायला लागला होता, आणि खालून तो ओळखीचा, किंचित आंबूस वास वर आला. दुसऱ्या कुणाला आला नसता. मला आला.

“आता नाही देता येणार,” मी म्हटलं. “उतरलाय. लेकरं आजारी पडतील.”

“एक घास घेते की मी.”

“नाही, सुंद्राबाई. तुम्हालाही नाही.”

ती माझ्याकडं पाहत राहिली. मला वाटतं, ह्या बाईला खोटं चालतं पण घड्याळ चालत नाही, असंच काहीसं तिच्या मनात आलं असावं. निदान मला तसं ऐकू आलं.

“मग चला,” ती म्हणाली. “जिथं घालायचं तिथं घाला. मी येते. तिथून मला त्या पोरीकडं न्या.”

टेम्पोत ती पुढं, आमच्या दोघांच्या मध्ये बसली. खड्ड्यांपाशी पोचल्यावर तिनं पदर खोचला. रज्जाकभाई आणि ती डेग कलती करायची, मी फावड्यानं भात पसरायची. सहाशे माणसांच्या जेवणातलं चारशेंचं तरी त्या दिवशी खड्ड्यात गेलं. वाफाळतं नव्हतं, तरी केशरी रंगाचं, काजू वर आलेले. त्यावर आम्ही पाचट टाकलं. ह्या कामात मला एरवी समाधान असायचं. काही वाया गेलं नाही, मातीला मिळालं, असं मी मुलींना वर्गात सांगायची. त्या दिवशी फावडं उचलवेना.

“एक इचारू?” पाचट पसरता पसरता सुंद्राबाई म्हणाली.

“विचारा.”

“खरं कामून न्हाई सांगितलं?”

“तुम्ही खाल्लं नसतं.”

“कुणी सांगितलं तुमाला?”

मला उत्तर देता येईना.

“माजा नवरा तोडीवर मेला,” ती म्हणाली. “साप चावून. त्याच सांजंला मी भाकरी थापली, लेकरं उपाशी व्हती. ती भाकरी बाकीच्या कोप्यांनी खाल्ली माज्या हातची. समद्यांनी न्हाई. दोन-चार जणींनी तोंडं फिरवली. पर बाकीच्यांनी खाल्ली, म्हणून मी ऱ्हायले. आज बी तसंच झालं असतं. शीतलच्या सासूनं न्हाईच खाल्लं असतं. तिची मर्जी. पर मी खाल्लं असतं. आन् तो बाप आला तवा त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणले असते, की व्हय, खाल्लं.” तिनं हातातलं पाचट खाली टाकलं. “आता मी काय म्हणू? मी फसून खाल्लं. फसून खाल्लेलं त्या पोरीच्या कामाला येत न्हाई, बाई. तुमी आमाला न्हाई म्हणू दिलं न्हाई, तसं व्हय बी म्हणू दिलं न्हाई.”

रज्जाकभाई रिकामी डेग विसळत होते. त्यांचे हात थांबले होते.

मी रडले. शाळेतल्या बाईंनी असं उकिरड्याशेजारी उभं राहून रडणं बरं दिसत नाही, पण रडले. सुंद्राबाईनं मला रडू दिलं आणि मग म्हणाली, “चला आता. ऊन कलायच्या आत जाऊ.”

*

खोतांचं घर बसस्टँडच्या मागं. अंगणातला छोटा मांडव कुणीतरी सोडायला घेतला होता आणि अर्धवट सोडून गेला होता. दारात शेजारणी बसलेल्या. उंबऱ्यापाशी रेवतीची आत्या होती, डोळे सुजलेले. आपण काय बोलून बसलो ते एव्हाना तिलाही कळलं असावं.

“कोण तुम्ही?” तिनं सुंद्राबाईला विचारलं.

“पावनी,” सुंद्राबाई म्हणाली आणि आत शिरली.

मी तिच्यामागून गेले, पण माजघराच्या दारातच थांबले. पुढं जायला मला तोंड नव्हतं. खोत भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून त्यांनी मान वळवली.

रेवती पलंगाच्या कडेला बसली होती. तेवीस-चोवीस वर्षांची, सावळी, हातांवर हळद. चुडा तसाच होता. काढावा की ठेवावा, हे त्या घरात कुणालाच ठरवता येत नव्हतं, म्हणून तो राहिला होता. भिंतीशी रुखवताचे डबे रचलेले, वर रंगीत कागद आणि जरीचे फुलोरे.

सुंद्राबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली.

“मी सुंद्राबाई. कारखान्यावर ऊस तोडते. तुज्या लग्नाचं जेवून आले आज.”

“माहीत आहे,” रेवती म्हणाली. “बाबांनी सांगितलं. तुम्हाला खोटं सांगून वाढलं.”

“व्हय. म्हणून पुन्यांदा आले. तुज्या बापाला माहीत असून खाणारं माणूस पायजे व्हतं. पर तुज्या तोंडून ऐकल्याबिगर मी खाणार न्हाई. सांग.”

“अहो, तिला कशाला बोलायला लावता?” आत्या मागून म्हणाली. सुंद्राबाईनं वळून पाहिलं नाही.

बाहेर कुणीतरी बस पकडायला पळत गेल्याचा आवाज आला.

“आज माझं लग्न होतं,” रेवती म्हणाली. “ते झालं नाही. धैर्यशील सकाळी गेले.” ती थांबली. “लोक म्हणतात, माझ्यामुळं.”

“तू काय म्हणतीस?”

“मला माहीत नाही.”

“मला हाय माहीत. बादलीत वीज व्हती. आता वाढ काय वाढायचं ते.”

रेवती उठली. घरात चूल पेटली नव्हती, वाढायला काही नव्हतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि रुखवताचा वरचा डबा काढला. कागद फाडला. आत रव्याचे लाडू होते, सासरी न्यायचे. तिनं एक लाडू सुंद्राबाईच्या हातावर ठेवला. लाडवाचा चुरा चटईवर सांडला.

सुंद्राबाईनं आधी सांडलेला चुरा वेचून तोंडात टाकला. मग लाडू खाल्ला. घाई न करता, चावून, सगळ्यांच्या देखत. खोत उठून उभे राहिले होते.

“पाक कडक झालाय,” ती म्हणाली.

रेवतीनं तिच्याकडं पाहिलं. “आई म्हणाली होती, मऊ पडेल. पण मी जास्त वेळ ठेवला.”

“कडकच बरा. टिकतो. कुणी केले?”

“मीच. सगळे मीच केलेत.”

“मग दे आणीक एक. आन् हा डबा मला बांधून दे. अड्ड्यावर माणसं लई हायेत. समदं सांगून वाटीन. खातील ती खातील, न्हाई ती न्हाई.”

तेव्हा खोत रडले. सकाळपासून पहिल्यांदा, मोठ्यानं. आत्यानं पुढं होऊन भावाला धरलं आणि त्यांनी तिला धरू दिलं. नंतर रज्जाकभाईंकडून कळलं, अड्ड्यावर चाळीस-एक जणांनी लाडू खाल्ले. शीतलला तिच्या सासूनं खाऊ दिला नाही.

रेवती डबा बांधत होती. गाठ मारताना तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. ती दारापर्यंत आली. मला वाटलं, आता ती बोल लावणार, आणि मी तयार होते.

“बाई, तुम्हाला तर सकाळपासून सगळं माहीत होतं,” तिनं विचारलं. रागानं नाही, खरोखरच विचारलं. “तुम्ही खाल्लंत का?”

इतका वेळ सांगायचं मी टाळलं ते आता सांगते. नेलेल्या अन्नातला पहिला घास आपण घ्यायचा आणि मगच गाडी हलवायची, हा नियम माझाच होता. कितीतरी कार्यालयांत कितीतरी पातेल्यांतला पहिला घास मी घेतला होता. त्या दिवशी मी नुसता वास घेतला. गुरुपादनं पुढं केलेली वाटी मी मागं सारली, ॲसिडिटी झालीय म्हणून. महिन्यावर माझ्या मेघनाचं लग्न आलं होतं. पत्रिका छापून घरात पडल्या होत्या. मी, विज्ञान शिकवणारी बाई, त्या भाताला तोंड लावू शकले नाही. अड्ड्यावरची माणसं नाही म्हणतील, असं मी का धरून चालले, ह्याचं जे उत्तर मला खड्ड्यापाशी देता आलं नाही, ते हे होतं. नाही आधी मीच म्हटलं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “नाही खाल्लं.”

“का?”

“माझ्या मुलीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात.”

तिनं मान हलवली. तिला समजलं होतं. मग तिनं बांधलेल्या डब्याची गाठ पुन्हा सोडली, एक लाडू काढला आणि माझ्यासमोर धरला.

मी तो घेतला. तिच्या समोर उभी राहून खाल्ला, सगळा. मेघनाचं लग्न झालं, ती सुखात आहे, दोन मुलं आहेत तिला. रेवतीचंही पुढं चांगलं झालं असं ऐकते. पण हात पुढं करायला त्या दिवशी मला वेळ लागला. फार नाही, दोन-तीन श्वासांचा असेल. तेवढा वेळ ती लाडू धरून तशीच उभी होती आणि माझ्या हाताकडं बघत होती.